‘लॉयल्टी’ मुंबईहून सुटली तेव्हा

शनिवार, ५ एप्रिल १९१९. मुंबई बंदरातून एक आगबोट लंडनच्या वाटेला लागली. दोन धुरांडी, तीन डोलकाठ्या, पुढे झेपावलेली नाळ. बोट नवी नव्हती. तिला पाण्यात उतरून २८ वर्षे लोटली होती. नवे होते ते तिचे मालक. ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन होऊन जेमतेम काही दिवस झाले होते आणि तिच्या नावावर हे एकच जहाज होते. भारतीय मालकीची आगबोट मुंबईहून थेट विलायतेला निघाली, ही त्या काळात साधी घटना नव्हती. जहाजाचे नाव होते ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी ६ एप्रिलला, त्याच मुंबईच्या चौपाटीवर पहाटेपासून हजारो माणसे जमली. रौलट कायद्याच्या निषेधार्थ गांधीजींनी देशभर हरताळ पुकारला होता. लोकांनी समुद्रस्नान केले, उपवास धरला, मिरवणूक माधवबागेकडे गेली. बंदी घातलेली ‘हिंद स्वराज’सारखी पुस्तके उघडपणे विकली गेली. ‘राजनिष्ठा’ बंदर सोडून गेली आणि चोवीस तासांत शहराने राजाचा कायदा मोडला. असा योगायोग एखाद्या नाटककाराने रचला असता, तर समीक्षकांनी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

पुढच्या रविवारी, १३ एप्रिलला, अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. बोट तेव्हा समुद्रावर होती.

कंपन्यांचे इतिहास बहुधा संस्थापकांच्या धडाडीपासून सुरू होतात. धडाडी खरीच असते. पण तीच धडाडी दहा वर्षे आधी बुडाली आणि त्या वर्षी तरली, असे का घडले, याचे उत्तर संस्थापकाच्या चरित्रात सापडत नाही. त्यासाठी त्या वेळचे जग पाहावे लागते.

तो महिना डोळ्यांपुढे आणावा. १ मार्च १९१९ रोजी कोरियात जपानी सत्तेविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. २ मार्चला मॉस्कोत कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली परिषद भरली. ८ मार्चला इंग्रजांनी इजिप्तचे नेते साद झगलूल यांना पकडून माल्टाला धाडले आणि कैरोपासून खेड्यापाड्यांपर्यंत बंड पेटले. १८ मार्चला दिल्लीच्या विधिमंडळात बहुतेक भारतीय सभासदांचा विरोध डावलून रौलट विधेयक संमत झाले. २३ मार्चला इटलीतील मिलान शहरात मुसोलिनी नावाच्या एका पत्रकाराने आपल्या अनुयायांची टोळी उभी केली. पॅरिसमध्ये जेते जगाचा नकाशा नव्याने आखत बसले होते. त्या परिषदेत भारताच्या नावाने बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हजर होते. मात्र त्यांना भारतीय जनतेने निवडून पाठवले नव्हते.

आणि याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत एक जहाज कंपनी नोंदवली गेली.

या सर्व उलथापालथीत जहाजांची स्थिती कशी होती? महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटिश व्यापारी जहाजे इतक्या प्रमाणात बुडवली, की १९१७ साली इंग्लंडची अन्नान्न दशा होण्याची वेळ आली होती. जी जहाजे उरली, त्यांतली बहुतेक सरकारने सैन्य आणि रसद वाहण्यासाठी ताब्यात घेतली. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबले, तरी जहाजे लगेच मोकळी झाली नाहीत. लाखो सैनिकांना घरी पोहोचवायचे होते. बंदरांत माल पडून होता, भाडी आकाशाला भिडली होती आणि तरंगते कोणतेही गलबत सोन्याच्या मोलाचे झाले होते.

मुंबईला तर या टंचाईची झळ दुहेरी होती. १९१८ चा पाऊस फसला. त्याच वर्षी ‘मानमोडी’, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, याच बंदरातून देशात शिरली आणि भारतात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. धान्य महागले, कापड महागले. जानेवारी १९१९ मध्ये गिरणगावातील लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. ब्रह्मदेशाचा तांदूळ हा अशा वर्षी मोठा आधार. परंतु रंगूनचा तांदूळ मुंबईला आणायचा तर जहाज हवे आणि जहाज दुसऱ्याच्या मालकीचे.

हे ‘दुसरे’ कोण, ते समजून घेतल्याविना पुढची कथा उमगणार नाही. भारताच्या किनाऱ्यावरील वाहतुकीवर ‘ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनीचे साम्राज्य होते. सर्वजण तिला ‘बी. आय.’ म्हणत. १८५६ साली कलकत्ता आणि ब्रह्मदेश यांच्यातील टपालवाहतुकीसाठी निघालेली ही कंपनी सरकारी टपालाच्या कंत्राटांवर पोसली गेली आणि १९१४ मध्ये विलायतेच्या बलाढ्य ‘पी. अँड ओ.’ कंपनीत विलीन झाली. या जोड-साम्राज्याचे अधिपती लॉर्ड इंचकेप. ते एकेकाळी कलकत्त्यात व्यापार करीत, व्हाइसरॉयच्या विधिमंडळात बसत, भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावरही होते. व्यापार कुठे संपतो आणि राज्य कुठे सुरू होते, हे त्यांच्याकडे पाहून सांगणे कठीण होते.

त्यांची पकड तोफांवर अवलंबून नव्हती. ती हिशोबाच्या वहीत होती. तिची रीत अशी : समजा, एक व्यापारी वर्षभर आपला माल बी. आय.च्या जहाजांतून नेतो आणि हजार रुपये भाडे भरतो. कंपनी त्याला शंभर रुपये परत देण्याचे कबूल करते, पण लगेच नाही. काही महिने थांबून. आणि मधल्या काळात त्याने एकदाही दुसऱ्या कंपनीच्या जहाजात माल चढवला, तर ती सगळी सूट बुडाली. म्हणजे व्यापाऱ्याचे स्वतःचेच पैसे त्याच्याविरुद्ध ओलीस ठेवलेले. नव्या स्पर्धकाने कितीही स्वस्त भाडे देऊ केले, तरी व्यापारी मनात हिशोब करी आणि जुन्याच दारात परत जाई. ज्यात कायद्याने गुन्हा शोधता येणार नाही, असा हा बंदोबस्त होता.

तरीही कुणी चिवटपणे उभा राहिलाच, तर दुसरे शस्त्र तयार असे : भाडेयुद्ध. स्पर्धक ज्या मार्गावर असेल त्या एकाच मार्गावर भाडे इतके खाली आणायचे, की तो कोळशाच्या खर्चातच बुडावा. मोठ्या कंपनीला हे परवडे, कारण बाकीचे पन्नास मार्ग तिला पैसा देत राहत.

जमशेटजी टाटांनी हा धडा १८९० च्या दशकात घेतला होता. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीन-जपानला नेण्यासाठी पी. अँड ओ. आकारत असलेले भाडे त्यांना अन्यायाचे वाटले. जपानच्या निप्पोन युसेन कैशा कंपनीशी हातमिळवणी करून त्यांनी भाड्याच्या जहाजांवर स्वतःची ‘टाटा लाइन’ काढली. प्रतिपक्षाने भाडे पार मातीमोल केले. ज्या गिरणीमालकांनी आधी पाठिंबा दिला, तेच स्वस्त भाड्याच्या मागे गेले. टाटा लाइन अल्पावधीत बंद पडली.

दुसरे उदाहरण अधिक जिव्हारी लागणारे आहे. तुतिकोरिनचे वकील व्ही. ओ. चिदंबरम् पिल्लै हे लोकमान्य टिळकांचे अनुयायी. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत, १९०६ साली, त्यांनी ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ काढली. जहाज मिळवण्यासाठी ते मुंबईला आले होते. तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर त्यांची जहाजे धावू लागताच बी. आय.ने तिकीट उतरवत नेले; शेवटी फुकट प्रवास आणि वर एक छत्री भेट, अशी पाळी आल्याचे सांगतात. तेवढ्यानेही भागले नाही. मार्च १९०८ मध्ये पिल्लै यांना अटक झाली आणि राजद्रोहासाठी जन्मठेप सुनावली गेली. शिक्षा पुढे कमी झाली. पण त्यांना तुरुंगात कोलू ओढावा लागला, तो ओढावाच लागला. ते सुटले १९१२ च्या अखेरीस. त्याआधीच, १९११ मध्ये, कंपनी गुंडाळली गेली होती. त्याच १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना मंडालेची शिक्षा झाली, हे सर्वांना पाठ आहे; त्यांच्या या तमिळ शिष्याने समुद्रावर मांडलेला डाव मात्र महाराष्ट्रात फारसा कुणाला आठवत नाही.

थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांच्या परवान्याशिवाय गलबत जाऊ शकत नव्हते, ज्या मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागवानी युद्धनौका बांधून खुद्द ब्रिटिश आरमाराला पुरवल्या, त्याच किनाऱ्यावर १९१९ साली भारतीय मालकीची मोठी आगबोट ही नवलाई ठरावी, हे विसंगत भासते. वाडियांनी १८१७ मध्ये मुंबईत जलावतरण केलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. लाकूड आणि शीड यांची जागा लोखंड आणि वाफ यांनी घेतली, तेव्हा भांडवल, कोळसा, पोलाद आणि सरकारी कंत्राटे असलेल्यांच्या हाती समुद्र गेला. कौशल्य हरवले नव्हते; त्याचा आधार काढून घेतला गेला.

आता वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणे गुजराती जैन, पेढी सावकारीची आणि कापसाची. या तरुणाचे मन पेढीत रमले नाही. लक्ष्मणराव फाटक नावाच्या, रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थासह त्यांनी रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेपासून सुरू झालेली ही भागीदारी युद्धकाळात लष्करी बांधकामांपर्यंत पोहोचली. १९१९ साली वालचंद ३६ वर्षांचे होते, हाती पैसा होता आणि जहाज या वस्तूचा अनुभव शून्य होता.

त्यांच्या चरित्रांत येणारी हकीगत अशी, की दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत एका ओळखीच्या इंग्रजाने त्यांना सहज सांगितले, ग्वाल्हेर सरकारची एक बोट विकाऊ आहे. मुंबईत उतरताच वालचंदांनी ती पाहिली. नरोत्तम मोरारजी आणि किलाचंद देवचंद हे मुंबईतील दोन मातबर व्यापारी सोबत आले. जहाज आधी ठरले, कंपनी नंतर निघाली. हा उतावळेपणा होता खरा. परंतु बाजारात एरवी एकही जहाज मिळत नसताना विचार करीत बसणारा माणूस जहाजाविनाच राहिला असता.

या बोटीचा पूर्वेतिहासही रंजक आहे. १८९० मध्ये इंग्लंडच्या बॅरो येथे ती बांधली गेली, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीसाठी. नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. गंमत अशी, की या सम्राज्ञीचे नित्याचे काम होते व्हँकुव्हर, योकोहामा आणि हाँगकाँग यांच्यामधला पॅसिफिक महासागर ओलांडण्याचे. तिच्या पांढऱ्याशुभ्र रूपाची त्या काळी ख्याती होती. युद्ध सुरू झाल्यावर, डिसेंबर १९१४ मध्ये, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली, जखमी भारतीय सैनिकांसाठी रुग्णनौका म्हणून सज्ज केली आणि नाव दिले ‘लॉयल्टी’. सन १९०० मधील चीनच्या मोहिमेसाठीही ग्वाल्हेर दरबाराने अशीच रुग्णनौका दिली होती. आधी सम्राज्ञी, मग राजनिष्ठा. आणि तिसऱ्या आयुष्यात साम्राज्याच्या जहाज कंपन्यांशी स्पर्धा. नाव बदलण्याची तसदी नव्या मालकांनी घेतली नाही. घाई असेल, किंवा त्या नावाचा बंदरांत आणि कचेऱ्यांत उपयोगच होईल, असेही वाटले असेल.

‘सिंदिया’ हे कंपनीचे नावही त्याच दरबाराकडून आले. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्याचे आडनाव इंग्रजी कागदांत ‘सिंदिया’ झाले आणि तेच अपभ्रष्ट रूप कंपनीच्या पाटीवर चढले. मराठी माणसाला त्यातला शिंदे ओळखायला क्षणभर थांबावे लागते.

जहाजाच्या पोटात डोकावले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या आगबोटींवर खलाशी रत्नागिरीकडचे, स्वयंपाकघर आणि भोजनगृह सांभाळणारे गोव्याचे, हे चित्र सर्वपरिचित होते. महायुद्धात ब्रिटिश जहाजांवरील तीन हजारांहून अधिक भारतीय दर्यावर्दी प्राणास मुकले. परंतु आगबोटीचा अधिकारी होण्याचे शिक्षण देणारी एकही संस्था देशात नव्हती. ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका मुंबईत सुरू झाली ती १९२७ साली. मालकी भारतीय झाली, तरी कप्तानाची खुर्ची भारतीयासाठी अजून लांब होती.

वालचंद स्वतः त्या पहिल्या सफरीवर होते. लंडनची वाट सुएझ कालव्यातून जात होती आणि तेव्हा इजिप्त पेटलेले होते. बोट सुटल्यानंतर दोनच दिवसांनी, ७ एप्रिलला, इंग्रजांना झगलूलांची सुटका जाहीर करावी लागली. मागे पंजाबात लष्करी कायदा लागू झाला, बातम्यांवर पहारा बसला. आणि लंडनमध्ये त्या वेळी लोकमान्य टिळक होते. चिरोल यांच्यावर भरलेला अब्रूनुकसानीचा दावा ते फेब्रुवारीत हरले होते आणि तरीही स्वराज्याची मागणी घेऊन तिथेच ठाण मांडून बसले होते. एकाच वसंतात महाराष्ट्रातील दोन माणसे लंडनमध्ये दोन वेगवेगळ्या दारांवर थाप मारीत होती : एक राज्यकर्त्यांच्या, दुसरा जहाजवाल्यांच्या.

सफर यशस्वी झाली काय? कीर्तीच्या दृष्टीने झाली. व्यवहाराच्या दृष्टीने ‘लॉयल्टी’ पांढरा हत्ती ठरली. कोळसा बेसुमार खाणारी, प्रवाशांसाठी बांधलेली, वयस्कर बोट मालवाहतुकीत नफा देणे शक्य नव्हते. कंपनीने लवकरच मालवाहू जहाजे घेऊन किनाऱ्यावरील आणि ब्रह्मदेशाच्या व्यापारात पाय रोवायचे ठरवले. नव्या जहाजांची नावे ‘जल’ या शब्दापासून सुरू होत. ‘लॉयल्टी’ १९२१ मध्ये बांधून ठेवली गेली.

तोवर ज्या फटीतून कंपनी आत शिरली, ती फट बुजू लागली होती. युद्धोत्तर तेजी ओसरली, जगभरच्या गोद्यांतून नवी जहाजे बाहेर पडली, भाडी कोसळली. इंचकेप यांचे साम्राज्य युद्धाच्या जखमांतून सावरले आणि जुनी दोन्ही शस्त्रे बाहेर आली. रंगूनच्या तांदळावरचे भाडे उतरू लागले. इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याचा प्रस्तावही मांडला. तो नाकारला गेला. मात्र नकारानंतर उरलेला मार्ग फारसा सन्मानाचा नव्हता. १९२३ मध्ये सिंदियाने दहा वर्षांचा करार मान्य केला. जहाजांचे एकूण वजन ७५,००० टनांच्या आत ठेवायचे, प्रवासी वाहतूक करायची नाही, विलायतेच्या वाटेला जायचे नाही. अर्थात पाच एप्रिलला जे केले, तेच पुन्हा करायचे नाही.

या कराराला शरणागती म्हणणारे तेव्हाही होते. आरोप निराधार नाही. समुद्रपार जाण्यासाठी निघालेल्या कंपनीने समुद्रपार न जाण्यावर सही केली. परंतु चिदंबरम् पिल्लै यांची कंपनी पाचच वर्षे जगली होती आणि टाटांची त्याहून कमी. सिंदियाच्या चालकांपुढे हे दोन्ही पूर्वज उभे होते. त्यांनी मान तुकवली आणि जहाजे राखली. त्याच १९२३ मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईत भंगारात निघाली.

पुढचा लढा समुद्रावर कमी आणि विधिमंडळात अधिक झाला. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी भारतीय किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवणारे विधेयक मांडले. ते परक्या सरकारच्या काळात कायदा बनू शकले नाही, स्वातंत्र्यानंतर ते धोरण प्रत्यक्षात आले. १९४१ च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणम येथे सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तिथे ‘जल-उषा’ पाण्यात उतरवली. वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले. तोवर कारखाना सरकारच्या हिंदुस्थान शिपयार्डकडे गेला होता. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

कंपनीच्या जहाजांचा ताफा आज उरलेला नाही. विशाखापट्टणमला त्या कारखान्याच्या परिसरातील वस्तीला मात्र लोक अजूनही ‘सिंदिया’च म्हणतात. कण्हेरखेडच्या शिंद्यांचे आडनाव ग्वाल्हेर, मुंबई आणि इंग्रजी वर्णलेखन असा फेरा घेऊन आंध्रच्या किनाऱ्यावर एका बसथांब्याचे नाव होऊन राहिले आहे.